पिशवीतलं रोप पाण्यात जाताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : गच्चीवरील मातीविना स्ट्रॉबेरीच्या लेखातली एक ओळ

आपल्या रविवारच्या पुरवणीत गच्चीवर मातीविना, म्हणजे पाइपातून खेळवलेल्या खताच्या पाण्यावर, स्ट्रॉबेरी कशी घ्यायची यावर आलेला लेख आमच्या घरात सगळ्यांनी वाचला. पाइप किती इंची घ्यायचा, पंप केवढा लागतो, जाळीच्या कुंड्या कुठं मिळतात, सगळं व्यवस्थित दिलंय. रोपाबद्दल मात्र एकच ओळ आहे. रोपवाटिकेतून रोपं आणावीत, मुळांची माती धुवावी आणि पाइपात बसवावीत. आम्ही रोपं विकून पोट भरणारी माणसं, त्यामुळे आमची नजर नेमकी तिथंच अडली. हा खटाटोप फसतो तो बहुतेक वेळा त्याच ओळीत, आणि फसला की फोन येतो तो आम्हाला.

वाई तालुक्यात आमची स्ट्रॉबेरीची रोपवाटिका आहे. यजमान शेत आणि बाजार बघतात, रोपवाटिका माझ्याकडं. स्ट्रॉबेरी म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं आणि ते बरोबरच आहे, २०१० साली भौगोलिक मानांकनही महाबळेश्वरच्याच नावावर मिळालं. पण वरच्या धुवाधार पावसात कोवळी रोपं टिकवणं अवघड, म्हणून पुष्कळशी रोपं खाली आमच्या भागात तयार होतात. पावसाळ्याच्या तोंडाला परदेशातून मदर, म्हणजे मातृरोपं येतात. ती गादीवाफ्यावर लावायची. पाऊस सुरू झाला की मदरला रनर फुटतात. सुतळीएवढ्या जाडीची ती लालसर दोरी सरपटत पुढं जाते आणि तिच्या पेरावर चिमुकलं रोप येतं. त्या रोपाच्या बुडाशी मुळांचे टोकदार पांढरे ठिपके दिसायला लागले की ते मातीच्या पिशवीवर टेकवायचं आणि तारेच्या आकड्यानं हलकेच दाबून ठेवायचं. तीन-चार आठवड्यांत ते पिशवीत पाय रोवतं, मग मदरकडून आलेली दोरी कापायची. पिशवीत असते चाळलेली तांबडी माती, पुरतं कुजलेलं शेणखत आणि थोडं भाताचं तूस. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही रोपं शेतात जातात.

म्हणजे हे रोप जन्मापासून मातीत वाढलेलं. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते, आणि मूळ पाणी पिता पिता त्या हवेतला प्राणवायूही घेत असतं. मुळाच्या टोकामागं कापसासारखी बारीक लव असते. रोपाचं खाणंपिणं मुख्यतः तिच्यावर चालतं, आणि ही लव मातीच्या कणाला इतकी घट्ट चिकटलेली असते की माती धुतली की तीही तुटते. रोप वरून हिरवंगार, टवटवीत दिसतं, पण खालून त्याचं तोंडच शिवल्यासारखं झालेलं असतं. अशा रोपाला लगेच पाण्यात उभं केलं तर पाणी चहूबाजूंनी असूनही ते दुपारी माना टाकतं. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं. तो पंप आणखी वाढवतो, मुळं आणखी बुडवतो.

पाण्यातून प्राणवायू मुळापर्यंत पोचायचा वेग हवेच्या मानानं हजारो पटींनी कमी असतो. पाणी खेळतं असेल, बुडबुडे सुटत असतील तरच भागतं. त्यातून पाणी तापलं तर त्यात प्राणवायू मावतही कमी. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यात मुळाची भूक वाढलेली असते आणि मूळकुजीची बुरशीही जोमात येते. पाण्यात तयार झालेलं मूळ निराळंच असतं. ते पांढरं, ठिसूळ, लव कमी, आणि त्याच्या आतच हवेच्या वाटा तयार झालेल्या असतात. मातीतलं जुनं मूळ तसं बनत नाही. रोपाला नवीन मुळंच काढावी लागतात, आणि स्ट्रॉबेरीत ती जुन्या मुळांच्या टोकाशी न येता वर क्राऊनच्या बुडाशी फुटतात. पानांचे देठ जिथून निघतात तो जाडसर खुंट म्हणजे क्राऊन. तेव्हा मातीतून पाण्यात जाणं म्हणजे जुन्या मुळांनी निरोप घेण्याआधी नवी मुळं येतात की नाही, एवढाच प्रश्न असतो. माती धुण्याचं काम त्या मानानं सोपं.

यावर कोणी म्हणेल, तुमची मदर परदेशातून येते तीही मुळं धुतलेलीच असते की! खरं आहे. आपल्याकडं परदेशातून माती आणायला बंदी आहे, त्यामुळे मदर उघड्या मुळांनीच खोक्यातून येते आणि तरीही जगते. पण ती येते झोपेत. थंडीत वाढ थांबल्यावर उपटलेली, पानं छाटलेली, शून्याच्या आसपास शीतगृहात ठेवलेली. तिच्या मुळांत आणि क्राऊनमध्ये पिष्टाचा साठा असतो आणि वर पाणी मागणारं पान नसतं. आमचं पिशवीतलं रोप तसं नाही. त्याला पाच-सहा पानं असतात, प्रत्येक पान उन्हात पाणी उडवत असतं, कधी कधी लगेच कळीही दिसायला लागते. जागं, भुकेलेलं रोप. एकाला जमलं म्हणून दुसऱ्याला जमेल असं इथं चालत नाही.

आता फोनांविषयी. दिवाळीच्या आसपास ते सुरू होतात. "ताई, तुमची रोपं सडकी निघाली." पुढं फोटो. पांढऱ्या पाइपाच्या भोकात कुंडी, कुंडीत लोळलेलं रोप, क्राऊन पाण्याखाली. मी विचारते, "दादा, सांगाडा कोणाकडून घेतला?" ज्यांनी पाइप, पंप, खतांचे डबे मिळून चाळीस-पन्नास हजारांचा संच विकला त्यांनी सांगितलेलं असतं की कुठलंही रोप चालतं. मग रोप मेलं की सांगतात रोपवाटिकेला विचारा. दहा-बारा रुपयांच्या रोपावर पन्नास हजारांच्या संचाचं खापर फोडायचं ही युक्ती बरी आहे. रोप बिचारं उलट बोलत नाही.

पण दोष दर वेळी गिऱ्हाइकाचा किंवा संच विकणाऱ्याचा असतो असंही मी म्हणणार नाही. रोपवाटिकांतूनही रोगट माल जातो आणि हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणाची चूक हे पाहायचा एक साधा उपाय आहे, तो आपल्या वाचकांनी जरूर करावा. मेलेलं रोप फेकू नका. धारदार पात्यानं क्राऊन उभा चिरा. गेल्या हंगामात पुण्याहून एक गृहस्थ मेलेली रोपं कुंडीसकट घेऊन आले होते, जरा तावातच होते. अंगणात पाटावर ठेवून त्यांच्यादेखत मी एक-एक चिरत गेले. बहुतेक क्राऊन आतून पांढरट, स्वच्छ. मुळं मात्र तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी सरकून येत होती, हातात राहत होता नुसता दोरा. ही पाण्यातली गुदमर. त्यांतलंच एक रोप मात्र चिरल्यावर आतून विटकरी लाल निघालं, ठिपक्या-ठिपक्यांचं, कडेपासून आत पसरत गेलेलं. तो रोग. तो मदरपासून किंवा मातीतून येतो आणि रोप मातीत राहिलं असतं तरी मेलंच असतं. त्या रोपाचे पैसे मी परत केले. बाकीच्यांचे नाही केले. ते चहा पिऊन गेले, आता त्यांचा फोन येतो तो पाण्याचा सामू (पीएच) किती ठेवू हे विचारायला.

तरीही मातीतलं रोप पाण्यात न्यायचंच असेल तर नेता येतं. कसं, ते आपल्या लेखात यायला हवं होतं म्हणून इथं लिहिते.

रोप तरुण घ्या. तीन-चार निरोगी पानं, क्राऊन पेन्सिलीएवढा जाड, पिशवीच्या कडेनं पांढरी मुळं डोकावणारी. पाचगणीच्या रस्त्यावर लाल फळं लटकलेली कुंडी दिसते, ती बघून पर्यटक भुलतात. ती गॅलरीत ठेवायला ठीक, पाइपात न्यायला सगळ्यांत वाईट. फळाला लागलेलं रोप सगळी ताकद वर लावून बसलेलं असतं, त्याला नवीन मुळं काढायला सांगणं म्हणजे बाळंतिणीला शेतावर धाडणं.

आदल्या संध्याकाळी पिशवीला पोटभर पाणी द्या. सकाळी पिशवी ब्लेडनं चिरा, रोप देठाला धरून उपटू नका. मातीचा गड्डा तसाच बादलीतल्या पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी खोलीतल्या हवेइतक्याच तापमानाचं असावं, फ्रीजचं नको आणि गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलंही नको. बरीचशी माती आपोआप तळाला बसते. मग दुसरी बादली, मग तिसरी. क्राऊन मुठीत धरून मुळं पाण्यात हलकेच झुलवायची. बोटांनी चोळायची नाहीत, नळाच्या धारेखाली धरायची नाहीत. दात घासायच्या जुन्या ब्रशनं मुळं घासून काढणारे लोकही मला माहीत आहेत, त्यांना काय बोलावं? तरीही मधोमध चिमूटभर माती अडकून राहतेच. ती सगळी निघालीच पाहिजे असा हट्ट धरला तर मुळं निघतात. माती राहिली तर पुढं पाण्यात गाळ उतरतो आणि ड्रिपरची भोकं बुजतात, हे खरं. म्हणून पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी लावायची आणि पहिले काही दिवस ती रोज धुवायची. हे सगळं काम सावलीत. उघडी मुळं वाऱ्यावर पाच मिनिटं राहिली तरी सुकतात, म्हणून धुतलेली रोपं ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची.

मग छाटणी. काळी, बुळबुळीत मुळं काढून टाका, लांबलचक असतील ती वीतभराच्या आत आणा. खालची जुनी पानं देठासकट काढा. आतली दोन-तीन कोवळी पानं पुरेत. कळ्या, फुलं, रनर सगळं खुडा. इथं बायकांचा हात थरथरतो, पुरुषांचा तर जास्तच. फूल खुडवत नाही. पण चार-पाच नवी पानं येईपर्यंत फूल ठेवू नका. पहिल्या फुलाचं फळ तसंही बोराएवढं होणार आणि रोप मागं पडणार.

यानंतर लोक थेट पाइपाकडं धावतात. माझं म्हणणं, मधे एक मुक्काम करा. जाळीच्या कुंडीत धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं परलाइट (भाजून फुगवलेले हलके खनिज दाणे) भरा, त्यात रोप लावा आणि कुंडी सावलीत, पसरट ट्रेमध्ये ठेवून दोन-तीन आठवडे थोडं-थोडं पाणी देत राहा. कोकोपीटमध्ये ओलही असते आणि हवाही, म्हणून मातीतल्या मुळाला ते परकं वाटत नाही. क्राऊनचा तळ कोकोपीटला टेकलेला, ओलसर. क्राऊनचा डोळा, म्हणजे जिथून नवं पान निघतं ती जागा, पूर्ण उघडी. डोळा बुडाला की कुजतो. तळ अधांतरी राहिला की नवी मुळं हवेत निघतात आणि वाळतात. पाइपात नुसत्या स्पंजात किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत रोप खोवणाऱ्यांचं बहुधा हे दुसरं होतं. बुडायला नको म्हणून ते रोप इतकं वर घेतात की मुळं फुटायची जागाच कोरडी पडते.

पहिला आठवडा निम्मी सावली देणारं शेडनेट हवंच. दुपारी पानं मलूल झाली तर घाबरू नका, भल्या सकाळी बघा. उजाडताना पान ताठ असेल तर रोप सावरतंय. सकाळीही लोळलेलं असेल तर काढून चिरा आणि आत काय आहे ते पाहा. आठ-दहा दिवसांत क्राऊनच्या बुडाशी पांढरी टोकं दिसतात. ती जाळीतून बाहेर डोकावली की मग कुंडी पाइपात. तेव्हाही खालची फक्त टोकं पाण्याला लागावीत, वरचा भाग हवेत राहावा.

खताचं आता. लेखात विद्राव्य खत वापरावं एवढंच आहे. शेतकऱ्याच्या घरातला माणूस विद्राव्य खत म्हटलं की १९:१९:१९ ची पुडी आणतो, कारण ठिबकातून आम्ही तेच सोडतो. मातीत ते चालतं, कारण त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो आणि मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करून देतात. स्वच्छ पाइपात हे जिवाणू नावालाच असतात. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. कॅल्शियम मिळालं नाही की कोवळ्या पानांची टोकं जळल्यासारखी काळी पडतात आणि माणूस रोगाचं औषध मारत बसतो. पाण्यातल्या शेतीला कॅल्शियम नायट्रेट लागतं, आणि ते बाकीच्या खतांसोबत एकाच डब्यात दाट कालवलं तर सल्फेट-फॉस्फेटशी मिळून पांढरा चोथा तळाला बसतो. म्हणून दोन डबे वेगळे ठेवतात आणि टाकीतल्या भरपूर पाण्यात एकामागून एक सोडतात. नव्या रोपाला सुरुवातीला अगदी पातळ द्या, ईसी मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, ०.५ ते ०.७. नवी मुळं दिसल्यावर १ च्या वर, फळाच्या वेळी फार तर दीडच्या आसपास. टोमॅटोवाल्यांचे आकडे स्ट्रॉबेरीला लावू नका, क्षार सोसण्यात हे पीक फार नाजूक आहे. सामू साडेपाच ते सहाच्या थोडा वर. तो सातच्या पुढं गेला की टाकीत लोह असूनही रोपाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर आधी सामू मोजा, लोहाची बाटली नंतर उघडा.

आणि हे सगळं करण्याआधी तुमचं साधं पाणी मोजा, काहीही न घातलेलं. बोअरचं पाणीच जर ०.८ किंवा १ दाखवत असेल तर खत घालायला जागा उरली किती? अशा पाण्यावर पानांच्या कडा करपतात आणि लोक आम्हाला करपा रोगाचे फोटो पाठवतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी त्यात मिसळावं लागतं. कोकोपीटचंही तेच. ते दाबून केलेल्या विटेच्या रूपात मिळतं, आणि स्वस्तातल्या विटेत क्षार भरलेले असतात. भिजवून, निथळून, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवून पुन्हा धुतल्याशिवाय त्यात रोप लावू नये. नाही तर कोकोपीट सोडियम-पोटॅश सोडतं आणि रोपाच्या वाट्याचं कॅल्शियम स्वतः धरून बसतं.

महिना कोणता, हेही लेखात नव्हतं. आमच्याकडची विंटर डॉन, कामारोझा, स्वीट चार्ली ही सगळी दिवस लहान आणि रात्री थंड झाल्यावर कळी धरणारी वाणं. पुण्याच्या गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात पांढऱ्या पाइपातलं पाणी हाताला कोमट लागतं. तिथं मुळं धुतलेलं रोप टाकणं म्हणजे पैसे मोजून मारणं. नोव्हेंबरात रात्री गार व्हायला लागल्या की हलवा, टाकी सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. मार्चनंतर फार आशा ठेवू नका. परागीभवनाची गोष्ट मी थोडक्यात सांगते. जाळी लावून बंद केलेल्या गच्चीत मधमाशी येत नाही आणि फळ वेडंवाकडं होतं, म्हणून मऊ ब्रशनं रोज सकाळी फुलांवरून हात फिरवा. आमच्या वरच्या बाजूला मांघर हे मधाचं गाव आहे, तिथल्या माश्यांना हे सांगावं लागत नाही.

मी मातीविना शेतीच्या विरोधात आहे असा कुणी समज करून घेऊ नये. माझे दीर पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटच्या उंच नळ्यांत, म्हणजे कमरेएवढ्या उंचीवर टांगलेल्या पन्हाळीत, स्ट्रॉबेरी घेतात. फळ मातीला लागत नाही, तोडणाऱ्या बायकांना दिवसभर वाकावं लागत नाही, एवढ्यासाठीच मला ती पद्धत आवडते. चव येत नाही म्हणतात ते मला पटलेलं नाही. चव वाणाची असते, थंड रात्रींची असते आणि फळ पुरतं लाल होईपर्यंत थांबण्याची असते. मातीतलं फळही अर्धं पांढरं तोडून मुंबईला धाडलं तर आंबटच लागतं. हॉलंडसारख्या देशांतही उंच पन्हाळीवरची स्ट्रॉबेरी अशीच कोकोपीट किंवा पीट यांसारख्या माध्यमात असते, आणि ती रोपं मुळातच तशा माध्यमाच्या ट्रेमध्ये वाढवलेली असतात. मातीतून काढून धुण्याचा प्रश्नच येत नाही.

माझा खरा मुद्दा हाच आहे. रनरच्या टोकाला येणारं ते चिमुकलं रोप, मुळांचे ठिपके दिसताहेत पण मूळ अजून लांबलं नाही अशा वेळी, मातीच्या पिशवीऐवजी कोकोपीटच्या ट्रेवर टेकवलं तर त्याला मातीची सवयच लागत नाही. काम तेच, तारेचा आकडा तोच, दिवस जवळपास तेवढेच. वाहतूकही सोपी, कारण मातीच्या पिशव्यांनी टेम्पो वजनानं भरतो आणि ट्रेची रोपं हलकी. दिरांच्या पन्हाळीसाठी मी अशीच रोपं करते आणि त्यांत मर जवळजवळ नसते. मग सगळ्या रोपवाटिका असं का करत नाहीत? कारण शेतकरी मागत नाही. शेतात लावायला पिशवीचं रोप उत्तम आहे आणि आमचा गिऱ्हाईक तोच आहे. गच्चीवाला येतो ऐन ऑक्टोबरात, वीस-पंचवीस रोपं मागतो, उरलंसुरलं घेऊन जातो. त्यानं जूनमध्येच सांगून ठेवलं तर कुठलीही बरी रोपवाटिका दोन ट्रे करून देईल. रनर ही काही कारखान्यातली वस्तू नाही की मागितली आणि फडताळातून काढून दिली.

कृषी खात्याला आणि विद्यापीठातल्या तज्ज्ञांना आपल्या वृत्तपत्रातून एक विनंती पोचवता आली तर पाहा. पाइप, पंप, पॉलिहाऊस यांवर प्रशिक्षणं होतात, मी स्वतः बसून आले आहे. तिथं रोपावर अर्धा तासही देत नाहीत. रोप कोणत्या माध्यमात वाढवलं, वाण कोणतं, मदर त्याच वर्षी आणलेली की मागच्या वर्षीची ठेवलेली, एवढं बिलावर लिहिणं रोपवाटिकांना सक्तीचं करा. आमच्या काही धंदेबंधूंना हे आवडणार नाही. जुन्या मदरची रोपं नव्याच्या भावात विकता येणार नाहीत म्हणून आवडणार नाही, आणखी काही कारण नाही. संच विकणाऱ्यांनाही पावतीवर लिहायला लावा की संच कोणत्या रोपासाठी आहे, कोकोपीटच्या की मातीच्या. मग क्राऊन चिरून निवाडा करायची वेळ माझ्यावर येणार नाही.

लेखासोबत जो मोठा रंगीत फोटो आहे त्यातल्या डाव्या बाजूच्या तीन कुंड्यांत पाणी क्राऊनच्या वर आलेलं स्पष्ट दिसतंय. पानं मात्र झकास आहेत, म्हणजे फोटो लावणीच्या दिवशीचा असावा. पुढच्या एखाद्या रविवारी त्याच गच्चीवरचा, त्याच कुंड्यांचा आजचा फोटो छापावा, ही विनंती.

कळावे,
आपली वाचक,
एक रोपवाटिकाचालक, ता. वाई, जि. सातारा
(नाव छापू नये. फोन आधीच पुष्कळ येतात.)

ता. क. – मुळं धुतलेलं गढूळ पाणी मोरीत ओतू नका, माती बसून मोरी तुंबते. बादली रात्रभर तशीच ठेवा, वरचं पाणी जास्वंदीला घाला आणि तळची माती कुंडीत टाका. दुसऱ्या स्ट्रॉबेरीच्या कुंडीत मात्र नको.